फोल्डिंग सायकल, इलेक्ट्रिक सायकल: रोज वापरायची तर काय बघून घ्यावी

सायकल घेण्याआधी लोक रस्त्याची चौकशी करतात. चढ किती, खड्डे किती, बसवाले किती अंगावर येतात. या सगळ्याची महिन्याभरात सवय होते. हौसेने घेतलेली सायकल सहा महिन्यांत बाल्कनीत धूळ खात पडते, त्याचं कारण बहुतेक वेळा घराच्या जिन्यात नाहीतर ऑफिसच्या गेटवर सापडतं. रात्री ठेवायची कुठे, तिसऱ्या मजल्यावर चढवायची कशी, वॉचमन आत घेऊ देईल का, स्टेशनच्या पुलावर ती उचलायची कोणी. प्रवासाची ही दोन टोकं आधी बघा, रस्ता नंतर.

फोल्डिंग सायकल टोकांची अडचण सोडवते, इलेक्ट्रिक सायकल मधल्या रस्त्याची. दोन्ही गुण असलेली एकच सायकल घेतली की दोन्ही अडचणी सुटतील, असं दुकानात वाटतं. तिथेच बरेच जण फसतात. का, ते पुढे येईल. इथे इलेक्ट्रिक सायकल म्हणजे पॅडल असलेली सायकल, स्कूटर नव्हे. उदाहरणं मुख्यतः पुण्याची आणि थोडी मुंबईची आहेत.

पायरी 1: आपला प्रवास कागदावर उतरवा

घरापासून कामापर्यंतचं अंतर नकाशावर मोजा, पण तेवढ्यावर थांबू नका. सायकल हातात उचलावी लागेल अशी प्रत्येक जागा लिहून काढा: घरचा जिना, स्टेशनचा पूल, ऑफिसच्या पायऱ्या. लिफ्ट असेल तर ती आतून मोजा. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये सरळ उभी सायकल मावत नाही, मागच्या चाकावर उभी करावी लागते. सोसायटीत पार्किंग असेल तर तिथे प्लग आहे का, आणि नसेल तर बॅटरी काढून वर नेता येईल का, हेही बघा.

मग एक सोपी परीक्षा घ्या. पाण्याचा 20 लिटरचा भरलेला जार उचलून घरच्या जिन्याने वर न्या. साधारण तेवढंच वजन बहुतेक फोल्डिंग इलेक्ट्रिक सायकलींचं असतं. शिवाय जार गोल असतो, सायकलीचं पॅडल नडगीला लागतं. रोज संध्याकाळी हे जमणार नसेल, तर तुमच्या यादीतले अर्धे पर्याय आत्ताच गळाले. पैसे जायच्या आधी गळाले, हे बरंच झालं.

चढाचंही बघा. पुण्यात नदीकाठच्या पेठांतून कुठल्याही बाजूला निघालं की थोडाफार चढ लागतोच. स्वारगेटहून कात्रजकडे तो हळूहळू चढत जातो आणि लक्षातही येत नाही, मात्र पोहोचल्यावर शर्ट सगळं सांगतो. वनाजहून चांदणी चौक ओलांडून बावधनला जाणाऱ्याला तो चांगलाच कळतो. मुंबई बरीचशी सपाट आहे. तिथला घाम चढाचा नसतो, दमट हवेचा असतो.

पायरी 2: चार प्रकारांपैकी आपली कोणती

5 किलोमीटरच्या आतला सपाट रस्ता आणि दोन्ही टोकांना तळमजल्यावर सुरक्षित जागा असेल, तर फोल्डिंग किंवा इलेक्ट्रिक यातलं काहीच घेऊ नका. कॅरिअर, मडगार्ड आणि स्टँड असलेली साधी सायकल घ्या. ती स्वस्त असते, गल्लीतल्या दुकानात दुरुस्त होते आणि चोरालाही तिचं फार आकर्षण नसतं. सांगायला हे जरा अळणी आहे, पण बऱ्याच लोकांसाठी हेच खरं उत्तर आहे.

साधी फोल्डिंग सायकल घ्यावी ती ज्याला मध्ये मेट्रो, बस किंवा कुणाची गाडी पकडायची आहे, किंवा ज्याच्याकडे सायकल ठेवायला घराबाहेर जागाच नाही त्याने. तिचं वजन साधारण 11 ते 15 किलो. लंडनची ब्रॉम्प्टन 16 इंची चाकांची. तिची घडी सुमारे 65 सेंटिमीटर लांब, 59 उंच आणि 27 रुंद होते, म्हणजे ऑफिसच्या टेबलाखाली जाते. तिची किंमत मात्र आपल्याकडे लाखाच्या पुढे. डेकॅथलॉनमध्ये मिळते तशी किंवा डाहॉन, टर्न यांची 20 इंची चाकांची सायकल चालवायला जास्त स्थिर वाटते, पण घडी मोठी होते. ती टेबलाखाली जात नाही, कपाटाच्या बाजूला उभी राहते. रोज गर्दीत न्यायची असेल तर हा फरक फार मोठा आहे.

मोठ्या चाकांची, घडी न होणारी इलेक्ट्रिक सायकल 7 ते 15 किलोमीटरच्या प्रवासाला उत्तम. अट एकच: ती तळमजल्यावरच राहायला हवी. हीरो लेक्ट्रो, पुण्याची ईमोटोरॅड अशा कंपन्यांच्या या वर्गातल्या सायकली सहज मिळतात. ऑफिसात अंघोळीची सोय नसलेल्यांना, गुडघे कुरकुरणाऱ्यांना आणि एप्रिलच्या उन्हात नीटनेटकं पोहोचायचं असणाऱ्यांना मोटार खरंच उपयोगी पडते.

राहिली फोल्डिंग इलेक्ट्रिक सायकल. फोटोत ती सगळ्यात शहाणी दिसते. पण मोटार, बॅटरी, बिजागरी आणि वर जाड टायर यांची बेरीज केली की वजन 18 ते 25 किलोवर जातं, जाड टायरवाल्यांचं कधी त्याहूनही वर. अशी सायकल घडी होते ती गाडीच्या डिकीत टाकण्यासाठी किंवा लहान फ्लॅटच्या कोपऱ्यात ठेवण्यासाठी. जिने चढून रेल्वे पकडण्यासाठी ती घडी नाही. लिफ्ट असलेल्या इमारतीत, लहान घरात राहणाऱ्याला ती छान. दादरच्या पुलावर ती खांद्याला मारून चढायचा बेत असेल तर नको.

मुंबईच्या लोकलबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. गर्दीच्या वेळी साध्या डब्यात घडी केलेली सायकलसुद्धा नेता येत नाही. तुम्ही स्वतः आत शिरलात तरी पुष्कळ. लगेजच्या डब्यातून किंवा गर्दीच्या उलट दिशेने जाणाऱ्यालाच ते जमतं, आणि लगेजच्या तिकिटाचं आधी स्टेशनवर विचारून घ्यावं लागतं. बाकीच्यांसाठी एक जुनाच उपाय चांगला आहे: उतरतो त्या स्टेशनच्या सायकल स्टँडवर एक जुनी, साधी सायकल कायमची ठेवायची.

पायरी 3: कायदा, थोडक्यात

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारची ताकद 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर अशी बॅटरीची सायकल मोटार वाहन धरली जात नाही. म्हणजे नंबर प्लेट नको, लायसन्स नको. पण त्यासाठी ते मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेलं हवं. दुकानदाराकडे त्या प्रमाणपत्राची प्रत मागा. तो गडबडला तर समजून जा.

‘वायर काढली की 40 ने पळते’ असं कोणी हळूच सांगितलं तर हुरळून जाऊ नका. तसं केल्याक्षणी ती विनानोंदणीचं मोटार वाहन होते. महाराष्ट्रात परिवहन विभागाने 2022 मध्ये अशा फेरफार केलेल्या ई-बाइकवर कारवाईची मोहीमही काढली होती. त्यात अपघात झाला तर विमा नाही, लायसन्स नाही आणि ब्रेक 25 च्या वेगासाठी बनवलेले. हेल्मेटची सक्ती नसली तरी ते घालाच.

पायरी 4: दुकानात

फोल्डिंग सायकल बघताना आधी घडी स्वतः घाला. दुकानदाराने दहा सेकंदांत घातलेली घडी म्हणजे जाहिरात. तुम्हाला ती घालता आली, आणि घातल्यावर ती न उलगडता उचलता आली, तर ती खरी. फ्रेमच्या मधल्या बिजागरीला आणि हँडलच्या दांड्याला मुख्य कडीशिवाय दुसरी सुरक्षा-कडी असते, ती आहे का पाहा. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पुढे-मागे हलवा. जराही कटकट आवाज आला किंवा सांध्यात हालचाल जाणवली, तर ती सायकल बाजूला ठेवा. सीटच्या दांड्यावर कमीत कमी किती भाग आत हवा याची खूण असते. सीट तुमच्या उंचीला लावल्यावर ती खूण बाहेर दिसता कामा नये. जास्तीत जास्त किती वजन चालेल तेही विचारा. फोल्डिंगमध्ये ते साधारण 100 ते 110 किलो असतं, आणि त्यात तुमची लॅपटॉपची बॅगही धरायची.

मग टायरचा आकार वाचा. हे कुणी सांगत नाही, आणि पहिल्या पंक्चरला याचंच महत्त्व कळतं. ‘20 इंच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकांत दोन मापं आहेत. टायरवर 406 लिहिलेलं असेल तर तेच माप लहान मुलांच्या सायकलींना असतं, म्हणून कोणत्याही गावात ट्यूब मिळते. 451 असेल तर मागवावी लागेल. 16 इंचातही तसंच: 305 सोपं, ब्रॉम्प्टनचं 349 अवघड. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल जातं, म्हणून शहरात अगदी बारीक टायर घेऊ नका. दीड ते पावणेदोन इंच रुंदीचा टायर आपल्या रस्त्यांना योग्य.

इलेक्ट्रिक सायकलीत बॅटरीचं गणित स्वतः करा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. 36 व्होल्ट आणि 7.5 अँपिअर-तास म्हणजे 270 वॅट-तास. पाय मारत चालवलं तर किलोमीटरला साधारण 8 ते 12 वॅट-तास लागतात, म्हणजे 22 ते 33 किलोमीटर. पाय न मारता नुसता थ्रॉटल (स्कूटरसारखी वेगाची मूठ) पिळत गेलात तर 15 ते 18 वॅट-तास, आणि अंतर थेट निम्म्याच्या आसपास. जाहिरातीतला आकडा सपाट रस्त्यावरचा, हलक्या माणसाचा आणि नव्या बॅटरीचा असतो. तुमचा रोजचा जाऊन-येऊन प्रवास त्या आकड्याच्या निम्म्यात बसत असेल तरच ती सायकल घ्या, कारण दोन-तीन वर्षांनी बॅटरीची क्षमताही उतरलेली असते.

250 वॅट म्हणजे नक्की किती, हाही प्रश्न येतो. माणूस आणि सायकल मिळून 100 किलो धरा, चढ 6 टक्क्यांचा, वेग ताशी 12. एवढ्याला चाकाशी सुमारे 220 वॅट लागतात. म्हणजे मोटारची जवळजवळ सगळी ताकद तिथेच संपली. त्यात चढावर वेग पडला की चाकातली मोटार तापते आणि बरीचशी वीज उष्णतेतच जाते. म्हणून चढावर पाय मारायचेच. मोटार मदतनीस आहे, मालक नाही. इथे छोट्या चाकाचा एक फायदा फार कमी जणांना माहीत असतो: तीच मोटार 20 इंची चाकात बसवली तर साडेसत्तावीस इंचीपेक्षा रस्त्यावर जास्त जोर लावते, त्यामुळे लहान चाकाची इलेक्ट्रिक सायकल चढ बरा चढते. गिअर नसलेलं मॉडेल मात्र कात्रज-बावधनकडच्या माणसाने घेऊ नये.

चालवून बघताना पॅडलकडे लक्ष द्या. स्वस्त सायकलींत सेन्सर फक्त पॅडल फिरतंय का एवढंच बघतो. अर्धा फेरा झाला की मोटार एकदम ढकलते, आणि पाय थांबवल्यावरही क्षणभर ढकलत राहते. मंडईतल्या गर्दीत हे त्रासाचं आहे. महागड्या सायकलींत पायाचा जोर मोजणारा सेन्सर असतो, त्याची मदत नैसर्गिक वाटते. तेवढं बजेट नसेल तर निदान एक गोष्ट नक्की तपासा: ब्रेकची मूठ जराशी दाबताच मोटार बंद व्हायला हवी, दोन्ही मुठींनी. ब्रेक शक्यतो डिस्क घ्या. आणि शेवटी बॅटरी काढून, बंद सायकल चालवून पाहा. कधीतरी चार्ज संपणारच आहे, तेव्हा घरी याच पायांनी यायचं आहे.

पैशांचं गणितही इथेच उरकू. बऱ्या इलेक्ट्रिक सायकलीला 30 ते 50 हजार पडतात. वीज जवळजवळ फुकटच: वरची बॅटरी भरायला युनिटचा एक तृतीयांश लागतो, म्हणजे तीन-चार रुपये. स्कूटर लिटरला 45 किलोमीटर देते असं धरलं तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या आसपास. महिन्याला 300 किलोमीटर फिरणाऱ्याचे सातशे रुपयेही वाचत नाहीत. 35 हजार वसूल व्हायला चार वर्षांहून जास्त लागतात, आणि तोवर नवी बॅटरी दारात उभी असते. तेव्हा निव्वळ पेट्रोल वाचवायला ही सायकल घेऊ नका. तिच्यामुळे घरात दुसरी स्कूटर घ्यायची टळत असेल, तर मात्र सौदा लगेच फायद्याचा होतो.

पायरी 5: पहिला आठवडा

सोमवारी सकाळी थेट ऑफिसला निघू नका. रविवारी सकाळी पूर्ण रस्ता करून या, मेट्रो असेल तर मेट्रोसकट. पुणे मेट्रोत सायकल घेऊन चढू देतात, मुंबईच्या 2ए आणि 7 या मार्गिकांच्या डब्यांतही सायकलीसाठी जागा ठेवलेली आहे. बॅटरीच्या सायकलीबद्दल मात्र आपल्या स्टेशनवर आधी विचारा. तपासणीच्या मशीनपाशी मागे रांग लागलेली असताना तो वाद घालण्यात मजा नाही. सरकत्या जिन्याऐवजी लिफ्ट घ्या. डबा शक्यतो शेवटचा पकडा, आणि सायकलीचा चेनचा भाग स्वतःकडे ठेवा; दुसऱ्याच्या पांढऱ्या पॅंटला वंगण लागलं तर तुमच्यामुळे पुढच्या सायकलवाल्यालाही लोक डबा बंद करतील.

घडीचा क्रम ठरवून घ्या आणि तो कधी बदलू नका: गिअर लहान चक्रीवर, पॅडल दुमडलं, फ्रेम घडी, हँडल खाली, शेवटी सीट खाली. उलगडताना सगळं उलट, आणि प्रत्येक कडीवर हात फिरवल्याशिवाय बसायचं नाही. या क्रमात मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो. हाताला सवय लागली की रस्त्याच्या कडेला, कोणी बघत असतानाही गोंधळ होत नाही. पहिले काही दिवस लोक बघणारच, आणि किंमत विचारणारच. उत्तर तयार ठेवा.

ऑफिसच्या सिक्युरिटीशी पहिल्याच दिवशी बोला. उघडी सायकल आत नेणाऱ्याला अडवतात. तीच पिशवीत घातली की बहुतेक वेळा सामान म्हणून सोडतात. म्हणून सायकल झाकायची साधी कापडी पिशवी सोबत असू द्या. चाकं पुसून सायकल एकदा पिशवीत घातली की फरशी खराब होण्याची तक्रारही राहत नाही.

विमानाने नेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एक ओळ: 160 वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात सोबत नेता येत नाही, आणि सायकलीची बॅटरी बहुधा त्याहून मोठीच असते.

पायरी 6: चार्जिंग आणि पाऊस

बॅटरीला कंपनीचाच चार्जर लावा. सायकल उन्हातून आली असेल तर अर्धा तास गार होऊ द्या, मग लावा. रात्रभर लावून झोपू नका. 2 अँपिअरच्या चार्जरने 7.5 अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच तासांत भरते, म्हणजे संध्याकाळी लावली तर जेवणं आटोपेपर्यंत होते. चार्जिंगची जागा गादी-पडद्यांपासून लांब हवी, आणि घराच्या दारापाशी किंवा जिन्यात नको. काही पेटलंच तर बाहेर पडायची वाट तीच असते. पडलेली, फुगलेली किंवा वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करून बघायची नाही, थेट सर्व्हिस सेंटरला. गावाला जाताना ती निम्मी भरलेली ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी महिनाभर ठेवली की लवकर मरते. वापर नीट असेल तर पाचशेच्या वर पूर्ण चार्ज निघायला हरकत नाही.

पावसाने मोटार बिघडत नाही, पाणी साचलेल्या रस्त्याने बिघडते. चाकाच्या मधली मोटार बुडेल एवढ्या पाण्यात सायकल घालू नका, आणि लहान चाकात तो आस जमिनीपासून वीतभरच उंच असतो हे लक्षात ठेवा. हिंजवडीचे आणि सिंहगड रोडचे लोक यावर जास्त सांगतील. घरी आल्यावर बॅटरी काढून तिची टोकं कोरड्या फडक्याने पुसा. धुताना गॅरेजवाल्याचा प्रेशरचा पाइप कधीही नको, ओलं फडकं पुरे. डिस्प्लेवर साधी प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली दिसायला वाईट, पण उपयोगी. मुंबई-कोकणात खाऱ्या हवेने बिजागऱ्या आणि स्क्रू गंजतात, म्हणून तिथे पावसाळ्यात दर आठवड्याला सांध्यांवर तेलाचा थेंब सोडा. पुण्यात पंधरा दिवसांनी चालतं. तेल डिस्क ब्रेकवर मात्र उडू देऊ नका.

पायरी 7: पंक्चर, दुरुस्ती, कुलूप

मोटार बसवलेलं चाक पंक्चरवाला खोलायला बघत नाही, आणि ते बरोबरच आहे: वायरचा जोड सोडवून जड नट उघडावे लागतात. त्याला सांगा की चाक न काढता टायरची एक बाजू उचलून, भोक पडलेला ट्यूबचा भाग बाहेर ओढून पॅच लावायचा. मोठ्या सायकलींना ते असंच करतात, त्यामुळे लगेच समजतं. हवा आठवड्यातून एकदा तपासा. टायरच्या कडेला दाब लिहिलेला असतो. कमी हवेत लहान चाकाची रिम खड्ड्यात वाकते.

खरेदी करताना सर्व्हिस सेंटर आपल्याच शहरात आहे का, आणि बॅटरी, कंट्रोलर (मोटारला किती वीज जायची ते ठरवणारी पेटी), डिस्प्ले सुटे मिळतात का, हे बिल फाडायच्या आधी विचारा. ऑनलाइन स्वस्त मिळालेल्या अनोळखी कंपनीच्या सायकलीचा कंट्रोलर गेला की ती 22 किलोची साधी सायकल उरते. पहिल्या महिन्याभरात एक सर्व्हिसिंग करून घ्या, ब्रेक-गिअरच्या तारा ताणलेल्या असतात आणि स्पोक ढिले झालेले असतात. त्याच वेळी बिजागरीचे बोल्टही आवळून घ्या.

फोल्डिंग सायकल बाहेर लावून ठेवायची नसते, ती सोबत आत न्यायची, नाहीतर ती घेतली कशाला. इलेक्ट्रिक सायकल बाहेर राहणार असेल तर जाड यू आकाराचं कुलूप फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून घालून पक्क्या खांबाला लावा. बॅटरी काढून बरोबर न्या. डिस्प्ले निघत असेल तर तोही. फ्रेमवर कोरलेला नंबर, बिल आणि सायकलीचा एक स्पष्ट फोटो फोनमध्ये ठेवा. चोरीची तक्रार नोंदवायला गेलात की पोलीस पहिल्यांदा हेच मागतात.